तुमचं वांगं तहानेनं नाही, बुडून मेलं

साताऱ्याच्या शाहूनगरमधून एका ताईंनी विचारलंय: "गच्चीवर टोमॅटो, वांगी, मिरच्या लावते. दर मे महिन्यात आठ दिवस माहेरी जाते आणि परत येईतो निम्मी झाडं वाळलेली असतात. म्हणून यंदा व्हिडिओ बघून एका बादलीत दुसरी बादली बसवली, मधून सुती दोरीची वात सोडली आणि खालची बादली काठोकाठ भरली. माती आमच्या रानातली काळीच घेतली. आठवड्यात वांग्याचं रोप मलूल पडलं, पानं पिवळी झाली. मी आणखी पाणी घातलं तर मेलंच. काय चुकलं? अशी कुंडी घरच्या घरी नीट कशी करायची, आणि ती खरंच आठ दिवस टिकते का? आणि जाता जाता, पुदिना लावू का?"

ताई, वांगं तहानेनं नाही, बुडून मेलं. त्यात तुमची चूक निम्मीच. निम्मी त्या व्हिडिओवाल्याची. त्यानं टाकी दाखवली, पण टाकीला भोक कुठं पाडायचं ते दाखवलं नाही.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. त्यामुळं पाण्यात उभं असलेलं झाड वरून तहानलेलंच दिसतं. दुपारी माना टाकतं, आपण घाबरून आणखी तांब्याभर ओततो आणि राहिलेली मुळंही घालवतो. नुसत्या उन्हानं माना टाकलेलं झाड सकाळी सहाला ताठ असतं. बुडालेलं सकाळीही लोळलेलंच असतं. तरी शंका असेल तर ती मेलेली कुंडी टाकून देऊ नका, आडवी करा आणि मातीचा गड्डा बाहेर काढा. आधी वास घ्या. नासक्या अंड्यासारखा आला तर तिथं हवा पोचलेलीच नाही. मग एक मूळ चिमटीत धरून हलकंच ओढा. चांगलं मूळ पांढरं असतं, ओढलं तर तट्कन तुटतं. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी बोटात निघून येते आणि मागं केसाएवढा दोरा राहतो. तुमच्या बादलीत हेच दिसेल, पैज लावतो.

मी वीस-बावीस वर्षं तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या पट्ट्यात द्राक्षबागांना ठिबक बसवायचं काम केलं. आता सांगलीत घरच्या गच्चीवर बादल्या-ड्रममध्ये भाजी करतो. धंद्यात असताना प्रत्येक जण विचारायचा, पाणी किती येणार, किती तास येणार. जादा झालेलं जाणार कुठं, हे विचारणारा वर्षाला एखादा भेटायचा. कृष्णाकाठानं त्याची किंमत मोजली आहे. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत उसाला पाट फोडफोडून पाणी दिलं, निचऱ्याकडं बघितलं नाही, जमिनीखालचं पाणी वर आलं. ते काळ्या मातीतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि त्यातलं मीठ वरच राहतं. चांगली रानं पांढरी पडली. आता तीच रानं सुधारायला लोक जमिनीत भोकाचे पाइप गाडून पाणी बाहेर काढतात. तुमची बादली म्हणजे एक लहानसं क्षारपड रान होतं: खाली पाणी, त्यावर काळी माती, वर साताऱ्याचं ऊन, आणि पाण्याला बाहेर जायला वाट नाही.

म्हणून टाकीची कुंडी करायला बसलात की पहिलं भोक पाडायचं. बाकीचं त्याच्या मापानं बसतं.

वीस लिटरच्या रंगाच्या दोन बादल्या घ्या. डिस्टेंपरच्या, पाण्यात कालवायच्या रंगाच्या, ऑइलपेंटच्या नकोत. एकात एक घातल्यावर तळाशी सहा-सात सेंटिमीटर पोकळी राहिली पाहिजे. राहत नसेल तर पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे तेवढ्याच उंचीचे कापून खालच्या बादलीत उभे ठेवा. आता वरच्या बादलीचा तळ बाहेरून कुठं येतो तिथं पेन्सिलनं खूण करा, आणि त्या खुणेच्या एक सेंटिमीटर खाली बाहेरच्या बादलीला करंगळी जाईल एवढं भोक पाडा. झालं, हेच ते भोक. पाणी याच्या वर कधीच चढणार नाही, म्हणजे वरच्या बादलीचा तळ आणि पाणी यांच्यामध्ये कायम बोटभर हवा राहणार. त्या हवेसाठी वरच्या बादलीच्या तळाला पंधरा-वीस बारीक भोकं पाडा, सहा मिलिमीटरची पुरतात. मुळं त्या भोकांतून खाली डोकावतात आणि हवेत लोंबकळत राहतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा गंमत वाटेल.

मग पाणी वर कसं जायचं? वातीनं नाही, मातीच्या पायानं. वरच्या बादलीच्या तळाला मधोमध सात-आठ सेंटिमीटरचं गोल भोक कापा. त्यात अर्धा किलो दह्याचा प्लास्टिकचा डबा, पोकळीच्या उंचीएवढा कापून आणि सगळ्या बाजूंनी टोचून, खाली लोंबेल असा बसवा. तो डबा कुंडीच्याच मिश्रणानं दाबून भरायचा. कुंडी भरताना सगळ्यात आधी हा पाय भरायचा आणि पाणी घालून बसवायचा. पोकळ राहिला तर वर थेंब चढत नाही. एवढा एक पाय पाण्यात बुडलेला आणि बाकी सगळी माती पाण्याच्या वर, हे खरं यंत्र. पाणी घालायला एक इंची पाइप वरून खालच्या बादलीच्या तळापर्यंत सोडा. खालचं टोक तिरकं कापा, नाहीतर ते तळाला चिकटून बसतं आणि पाणी उतरतच नाही. मीही पहिल्या खेपेला सरळ कापला होता.

वातीला मी नाव ठेवत नाही. कोथिंबीर, पालक, पुदिना असल्या हलक्या पिकांना वात चालते. पण सुती वात ओलीत दोन-तीन महिन्यांत कुजते आणि नेमकी पीक फळावर आलं की तुटते. नायलॉनची गुळगुळीत दोरी पाणी धरतच नाही. ॲक्रिलिकची लोकर किंवा पॉलिस्टरच्या जुन्या कापडाची पट्टी बरी. कुठलीही वात घालायच्या आधी परीक्षा घ्या: ग्लासात पाणी, त्यात शाईचे दोन थेंब, पट्टीचं एक टोक आत आणि दुसरं वर टांगलेलं. अर्ध्या तासात शाई वीतभर चढली तर घ्या. कोरं कापड बहुतेक नापास होतं, कारण त्यावर खळ आणि तेलकटपणा असतो. गरम पाण्यात साबण घालून एकदा उकळा आणि परत बघा. पण टोमॅटो-वांग्याला वात नकोच. मे महिन्यातलं भरलेलं टोमॅटोचं झाड दिवसाला दीड-दोन लिटर पितं, एवढं पाणी बोटाएवढी दोरी कुठून चढवणार?

आता माती. तुमच्या रानातली काळी माती चांगलीच असणार, पण ती रानात. कुंडीत ती पाणी पिऊन फुगते, पोकळ्या मिटवते, आणि वाळली की आक्रसून बादलीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली. टाकीच्या कुंडीत हलकं मिश्रणच पाहिजे. माझं माप असं: चार पाट्या धुतलेलं कोकोपीट, तीन पाट्या पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन पाट्या भाताचं तूस, एक पाटी पोयट्याची माती. तूस पाटण-जावळीकडच्या भातगिरणीत फुकटाच्या भावात मिळतं. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर होते, तेव्हा हिशेबानं आणा. आणि ते दोन-तीनदा भिजवून पिळून धुवा, नारळाच्या काथ्यात मीठ असतं. द्राक्षवाल्यांना हे सांगावं लागत नाही, घरी लावणाऱ्यांना कायम सांगावं लागतं.

कुणी म्हणेल, सांगली-साताऱ्यात कारखाने आहेत, उसाचं चिपाड घालू का? ताजं चिपाड नको. ते कुजताना नत्र स्वतः खातं आणि रोप पिवळं ठेवतं. कारखान्याच्या मळीचं (प्रेसमडचं) कुजलेलं खत मात्र शेणखताच्या निम्म्या जागी छान चालतं. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारामुळं, म्हणजे स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटामुळं, आमच्या भागात पालापाचोळ्यापासून माती करणारे बरेच लोक आहेत. तसली वर्षभर मुरलेली माती मिळाली तर सोन्याहून पिवळं, मग कोकोपीट निम्म्यावर आणा.

मिश्रणाची उंची पाण्यापासून तीस सेंटिमीटरच्या वर नेऊ नका. पाणी असल्या मिश्रणातून साधारण वीत-सव्वा वीत जोमानं चढतं, पुढं दमतं. उंच पिंप मातीनं भरून तळाशी टाकी करणाऱ्यांची वरची माती कायम कोरडी राहते आणि ते म्हणतात, ही पद्धतच खोटी.

आता तुमचा खरा प्रश्न, आठ दिवसांचा. दोन बादल्यांच्या कुंडीत पाणी राहतं सुमारे तीन लिटर. टोमॅटो पितं दीड ते दोन. म्हणजे उन्हाळ्यात दीड-दोन दिवस! व्हिडिओत 'आठवडाभर पाणी घालू नका' म्हणतात ते कुठल्या तरी थंड गावाला किंवा मनी प्लांटला खरं असेल. बादलीची कुंडी रोजच्या कटकटीतून सोडवते, सकाळ-संध्याकाळचं पाणी एक दिवसाआडावर आणते. आठ दिवसांसाठी ती नाहीच.

आठ दिवसांसाठी अर्धा ड्रम. दोनशे लिटरचा निळा ड्रम आडवा कापला की दोन कुंड्या होतात, प्रत्येकी चव्वेचाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या आणि सत्तावन्नच्या आसपास व्यासाच्या. तळाचे पंधरा सेंटिमीटर टाकी. इथं बहुतेक लोक खडी भरतात, आणि माझं त्यांच्याशी भांडण आहे. दगडांमध्ये पोकळी असते चाळीस टक्के. जिथं पस्तीसेक लिटर पाणी मावलं असतं तिथं खडी घातल्यावर चौदा लिटर मावतं. वर पन्नास किलोचं ओझं गच्चीला. आणि खडीतून पाणी वर चढत नाही. पाण्याची पातळी जराशी उतरली की वरची माती आणि खालचं पाणी यांचा संबंधच तुटतो. तळात दहा लिटर शिल्लक आणि वर झाड वाळलेलं, असं मी लोकांच्या गच्चीवर कितीदा तरी बघितलंय.

त्यापेक्षा चार इंची पीव्हीसी पाइपचे पंधरा सेंटिमीटरचे दहा-बारा तुकडे कापून ड्रममध्ये उभे ठेवा. प्रत्येकाच्या खालच्या कडेला करवतीनं दोन खाचा मारा, म्हणजे पाणी आत-बाहेर फिरेल. त्यावर ड्रमच्या झाकणाचं किंवा जाड प्लास्टिकच्या पत्र्याचं गोल ताट, भरपूर भोकं पाडलेलं. ताटाला तीन ठिकाणी चार इंची भोक आणि त्याखालच्या तीन पाइपांना सगळीकडून टोचून मिश्रण भरायचं: हे तीन पाय. ताटावर हिरव्या शेडनेटचा एक थर, त्यावर मिश्रण. जास्तीच्या पाण्याचं भोक ताटाच्या दीड सेंटिमीटर खाली. आणि अगदी तळाशी दुसरं भोक, त्याला रबरी बूच. हे दुसरं भोक कशाला ते पुढं सांगतो. अशा ड्रममध्ये जवळजवळ तीस लिटर पाणी राहतं. दोन टोमॅटो लावले तर दिवसाला साडेतीन-चार लिटर, म्हणजे सात-आठ दिवस. काठावर पास.

ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. लोणचं, पाक, व्हिनेगर असलं खाण्याचं असेल तर घ्या. आमच्याकडं द्राक्षबागांच्या पट्ट्यात औषधाच्या रिकाम्या कॅन आणि ड्रम चिक्कार पडलेले असतात, स्वस्तात मिळतात, आणि 'तीनदा धुतलंय' असं विकणारा शपथेवर सांगतो. तीनदा धुणं हे फेकण्याआधी करायचं असतं, भाजी लावण्याआधी नव्हे. खरं तर धुऊन त्याला भोक पाडायचं असतं ते याचसाठी, की कुणी परत वापरू नये. असला डबा भाजीला घेऊ नका, पाण्याला तर नकोच.

वजनाचंही बघा. भरलेला अर्धा ड्रम नव्वद किलोच्या घरात जातो. घराची वापराची गच्ची साधारण चौरस मीटरला दीडशे किलोचा वाढीव भार धरून बांधतात. ड्रमला चिकटून ड्रम अशी रांग मधोमध लावली तर हिशेब सुटतो. भिंतीलगत, तुळईच्या वर, मध्ये जागा सोडून ठेवा. जुनं घर असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

उन्हाचं म्हणाल तर निळं-काळं प्लास्टिक एप्रिलमध्ये हात लावू देत नाही, आतली मुळं शिजतात. दक्षिण-पश्चिम बाजूला गोणपाट गुंडाळा किंवा बाहेरून पांढरा रंग द्या. पाण्याचे पारदर्शक जार वापरणार असाल तर ते झाकलेच पाहिजेत, नाहीतर आठ दिवसांत आत हिरवं शेवाळ. मातीवर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या. पाणी उडणं कमी होतं, आणि वर मीठ साचणंही कमी.

डासांबद्दल हयगय नको. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तुमची टाकी त्याला बाळंतिणीची खोली आहे. पाण्याच्या पाइपला टोपण, आणि जास्तीच्या भोकावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्यानं घट्ट बांधलेला. आरोग्य खात्याची माणसं घरोघरी बघायला येतात तेव्हा पहिलं बोट अशाच भांड्यांकडं दाखवतात, आणि बरोबर दाखवतात.

टाकीत किती पाणी आहे हे कळायला मी काही विकत घेतलेलं नाही. खराट्याची एक काडी, तिच्या टोकाला थर्मोकोलचा तुकडा टोचलेला, पाइपात सोडायची. टोपणाला बारीक भोक, त्यातून काडी वर येते. टाकी भरलेली असताना काडीवर नेलपॉलिशची एक रेघ. काडी खाली जाईल तसं पाणी कमी. घरातल्या पोरांनाही कळतं.

लावणीनंतरचे पहिले बारा-पंधरा दिवस पाणी वरूनच द्यायचं. रोपाची मुळं वरच्या चार बोटांत असतात, त्यांना खालच्या टाकीचा पत्ताच नसतो. बी टाकणार असाल तर उगवून वीतभर होईपर्यंत वरूनच. नंतर हळूहळू वरचं बंद करा, म्हणजे मुळं खाली शोधत जातात.

खत वरून द्या, टाकीत काहीही ओतू नका. जीवामृत, शेणाची स्लरी, ताक, काहीच नको. मी एकदा ओतलं होतं. चौथ्या दिवशी बायकोनं विचारलं, गच्चीवर काय मेलंय? कुजकं पाणी मुळांची हवा खातं. शेणखत महिन्याला दोन मुठी झाडापासून लांब, पाचटाखाली.

आता ते तळाचं भोक. या कुंडीत पाणी कायम खालून वर जातं, त्यामुळं मीठही वर जातं. दोन-तीन महिन्यांनी मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी दिसली की समजा, आपलं क्षारपड रान तयार होतंय. तळाचं बूच काढा, वरून दहा-पंधरा लिटर पाणी सावकाश घाला आणि सगळं वाहून जाऊ द्या. मग बूच लावा. आमच्या बोअरच्या जड पाण्याला हे दर महिन्याला करावं लागतं. तुमच्या नळाला कास तलावाचं पाणी येत असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरेल. आणि पावसाळ्यात हे बूच काढूनच ठेवायचं. साताऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की टाकी आठवडेच्या आठवडे तुडुंब राहते, झाडाला खालच्या पाण्याची गरज नसते, आणि मुळं सडतात. आषाढात बूच बाहेर, दसऱ्याच्या सुमारास परत आत.

काय लावायचं? टोमॅटो, वांगी, मिरची, ढोबळी, काकडी, पालक, अळू. अळू तर वेड्यासारखं वाढतं, पण मग वडी करायला माणूस पाहिजे. कृष्णाकाठची हिरवी-पांढरी वांगी मी ड्रममध्येच घेतो. कांदा-लसूण लावू नका, काढणीच्या आधी त्यांना वाळवण लागते आणि इथं वाळवण जमत नाही. कढीपत्त्याला पाय ओले आवडत नाहीत. हळदीचं मात्र मला माझंच सांगायला लाज वाटते. सांगलीची हळद, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, घरात मिरवायला म्हणून मी हौसेनं दोन ड्रम लावले. पानं ऑगस्टपर्यंत केळीसारखी. मग बुडातून पिवळी पडायला लागली, कंद काढून बघितले तर दाबल्यावर पाणी सुटत होतं. कंदकूज. जन्म हळदीच्या पेठेच्या गावात गेला आणि हळद टाकीवर लावली!

आठ दिवस काठावर पास म्हणालो, ते पक्कं करायचं असेल तर ड्रम एकमेकांना जोडा. सगळ्यांच्या टाकीला एकाच उंचीवर ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) आणि टेकऑफ (नळी जोडायचा तुकडा) बसवायचे, सोळा मिलिमीटरच्या लॅटरलनं, म्हणजे ठिबकच्या नळीनं जोडायचे, आणि एका कोपऱ्यात लहान बादलीत कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह, पाणी भरलं की आपोआप बंद होणारा. हे सामान कुठल्याही ठिबकच्या दुकानात मिळतं. पाण्याच्या ड्रममधून फ्लोटला, फ्लोटमधून सगळ्यांना. अट एकच: सगळ्या टाक्या एका पातळीत. गच्चीला उतार असतो, डोळ्यांना दिसत नाही. गवंड्याची पाण्याची नळी लावून पातळी काढा आणि फरशीचे तुकडे घालून सारख्या करा. नाहीतर उंचावरचं झाड कोरडं आणि सखलातल्या कुंडीचं भोक दिवसभर वाहतंय.

आणि फ्लोट घराच्या मुख्य टाकीला जोडू नका. मी जोडला होता. एका रात्री फ्लोटमध्ये कचरा अडकला, उघडाच राहिला, आणि पहाटेपर्यंत पाचशे लिटरची टाकी त्या जास्तीच्या भोकातून शेजारच्या खालच्या गच्चीवर गेली. तिथं वहिनींनी कुरडया वाळत घातल्या होत्या. तीन दिवसांचा गव्हाचा चीक, पहाटे चारला उठून घाटलेला. आमची भाजी आधी तिकडं जायची, ती त्या वर्षी कुणी घेतली नाही. आता मी वेगळा शंभर लिटरचा ड्रम ठेवतो, गेलं तर तेवढंच जाईल, आणि प्रत्येक भोकाला नळी लावून ती गच्चीच्या मोरीत सोडलेली आहे.

एवढा खटाटोप नको वाटत असेल तर मटका. वैशाखात तुळशीवर गळती लावतो ना, तिचंच हे जमिनीतलं भावंड. कुंभाराकडून न रंगवलेलं, न चकाकणारं पाच-सात लिटरचं मडकं घ्या, गळ्यापर्यंत मोठ्या कुंडीत पुरा, भरा, झाकण ठेवा. भोवतीची माती कोरडी झाली की पाणी मडक्यातून झिरपतं, ओली असली की थांबतं. इथं तुमची काळी माती चालते, कारण पाणी साचत नाही, मागेल तेवढंच येतं. तीन-चार दिवस निघतात. आमच्यासारख्या जड पाण्यानं वर्ष-दोन वर्षांत मडक्याची भोकं बुजतात, मग नवं आणायचं. आठ दिवसांसाठी पुरेसं नाही, पण शेजारच्या कुणाला 'मधे एकदा फक्त मडकी भरा' म्हणणं सोपं असतं. 'प्रत्येक झाडाला अंदाजानं पाणी घाला' म्हणालात की तो एक तर विसरतो, नाहीतर बुडवतो.

तुमच्यासाठी क्रम असा ठरवा. आत्ता एकच अर्धा ड्रम करा, सगळी गच्ची एकदम उलथू नका. रोपं मार्चच्या सुरुवातीला लावा, म्हणजे मेपर्यंत मुळं ताटापर्यंत पोचतील. एप्रिलच्या शेवटी, घरात असतानाच, टाकी भरून काडीवर रेघ मारा आणि पाण्याला हात लावू नका. रोज सकाळी काडी किती उतरली ते बघा. पाचव्या दिवशी काडी तळाला टेकली तर तुमचं झाड माझ्या हिशेबापेक्षा जास्त पितं. मग एकच रोप ठेवा किंवा पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा. जायच्या आदल्या संध्याकाळी पिकलेली आणि पिकायला आलेली सगळी फळं तोडा, बुडातली जुनी पानं काढा, टाकी भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत भरा.

पुदिन्याचंही तुम्ही शेवटी विचारलं होतं. लावा, पण त्याला वेगळी बादली द्या. टोमॅटोच्या ड्रममध्ये लावलात तर दोन महिन्यांत तो पाइपमधून डोकं काढेल.